हातभर नळी

गाडी तपासताना क्लेम नॅनकिव्हल दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. बाउंडी फ्लॅटच्या क्लबात ती रीतच होती. तपासनिसानं वाकून बघायचं, जमिनीवर आडवं व्हायचं, टॉर्च मारायचा, हवं तर नाक खुपसून वास घ्यायचा, पण स्पर्धकाच्या गाडीला हात म्हणून लावायचा नाही. नटबोल्ट सैल दिसला तर "हा सैल आहे" एवढं सांगायचं आणि मालक तो आवळेपर्यंत पुढच्या गाडीकडे वळायचं. फार वर्षांपूर्वी एका तपासनिसानं भलेपणानं कुणाचं तरी चाक आवळून दिलं होतं आणि तेच चाक ट्रॅकवर निखळलं होतं. त्यावरून जी हमरीतुमरी झाली, तिच्यात क्लब फुटता फुटता राहिला. तेव्हापासूनची ही रीत. नवी माणसं क्लेमला हसायची. आईनं 'कशाला हात लावायचा नाही' असं दटावून दुकानात आणलेल्या पोरासारखा तो दिसतो, असं म्हणायची. क्लेमला त्याचं काही वाटत नसे. उलट थोडा अभिमानच होता, आणि सगळं पुढचं दुखणं या अभिमानातूनच आलं, असं मला वाटतं.

रेक्स ट्रेझीस त्याचा मित्र. मित्र म्हणजे असा की वॉलारूच्या शाळेत एका बाकावर, मग धान्याच्या कोठारांवर एकाच दुरुस्ती टोळीत, आणि रेक्सच्या लग्नात अंगठी खिशात घेऊन उभा राहिलेला माणूसही क्लेमच. दोघं एकमेकांशी सरळ शब्दात कधी बोलले नाहीत. सरळ बोलणं म्हणजे काहीतरी बिनसलं, असा त्यांच्यात हिशेब होता.

निवृत्त झाल्यावर रेक्सनं शेडमध्ये एक जुनी दोन दारांची गाडी उभी केली. उभी केली म्हणजे अक्षरशः, कारण आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. रंग मोहरीचा, म्हणून नाव मस्टर्ड. इंजिन त्यानं स्वतः बांधलं, गिअरबॉक्स स्वतः उघडला, आणि मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल, ज्यात दातेरी चक्रं तेलात बुडून फिरतात, तोही त्यानं दोनदा खोलून पुन्हा बसवला. बाउंडी फ्लॅटवर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शर्यतीचा रविवार असायचा, आणि रेक्स त्या रविवारांवरच जगायचा. लॉर्ना, त्याची बायको, म्हणायची, "मेल्यावर याला चर्चमध्ये नको, त्या ट्रॅकवरूनच एक चक्कर मारून न्या."

रेक्सचा हात सढळ, आणि तेलाच्या बाबतीत तर फारच. डिफरन्शियलमध्ये तेल भरायचं तर गाडी सपाट उभी करायची, बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल टेकलं की थांबायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण रेक्स एका बाजूनं जॅक लावायचा, गाडी कलती करायचा आणि वर आणखी ओतायचा. क्लेमनं कितीदा सांगितलं असेल.

"तेल कमी पडून मेलेली गाडी मी पाहिली आहे," रेक्स म्हणायचा, "जास्त होऊन मेलेली अजून एकही नाही."

"गाडी नाही मरणार. तुझ्या मागून येणारा मरेल."

"मग त्यानं माझ्या पुढे जावं. त्याला जमत नाही, हा काय माझा दोष?"

ट्रॅक म्हणजे जुनी धावपट्टी आणि तिला जोडून केलेली वळणं. त्यातलं हँगरजवळचं डावं वळण लांबच लांब, संपता संपत नाही असं. तिथं गाडी एका अंगावर रेलते, आतलं तेल उजवीकडे चढतं, तापून पातळ झालेलं, चक्रांनी घुसळून फेसाळलेलं. गोळ्याला वरच्या अंगाला हवा सोडायला एक छोटी तोटी असते. तेल जास्त असलं की हवेबरोबर तेही त्या तोटीतून बाहेर उडतं, आणि मग चाकावर, धुराच्या तापलेल्या नळीवर, नाहीतर सरळ डांबरावर.

त्याला उपाय मोठा नाही. तोटीला नळी जोडायची, ती मध्ये कुठेही झोळ न देता उंच चढवत मागच्या डिक्कीत न्यायची आणि एका बाटलीत सोडायची. बाटलीच्या झाकणाला हवेसाठी भोक ठेवायचं, आत भांडी घासायच्या तारेचा चोथा कोंबायचा, म्हणजे फेस तिथंच बसतो. हातभर नळी, दोन क्लिपा, एक बाटली. काम अर्ध्या तासाचं.

आदल्या वर्षीपर्यंत हे कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. मग एका रविवारी कुणाच्या तरी गाडीनं हँगरच्या वळणावर तेलाची रेघ ओढली, आणि मागून येणारी टीगन पेडलर, प्राथमिक शाळेत शिकवणारी हसरी मुलगी, गाडीसकट टायरांच्या भिंतीत घुसली. खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण टीगन परत कधी गाडीत बसली नाही. तेल सांडणारी ती गाडी सकाळी क्लेमनंच पास केली होती. तोटीभोवतीचा ओलावा त्याला दिसला होता. 'उन्हाळ्यात होतं असं' म्हणून त्यानं पास झाल्याचा स्टिकर देऊन टाकला होता. त्या संध्याकाळी झाडू आणि सिमेंटची भुकटी घेऊन तो एकटाच वळणावर गेला, आणि कुणी मदतीला आलं तर त्याला हात हलवून परत पाठवलं.

पुढच्या बैठकीत नियम झाला: डिफरन्शियलच्या तोटीला नळी आणि बाटली नसेल तर गाडी ट्रॅकवर जाणार नाही. हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात रेक्सचा होता.

आणि तोच रेक्स फेब्रुवारीतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, रविवारी बाटलीशिवाय आला.

त्या दिवशी उत्तरेकडचा वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. माश्या ओठांवर बसत होत्या. तपासणीच्या पत्र्याखाली गाड्यांची रांग लागली होती आणि मस्टर्डचा नंबर आला तेव्हा क्लेम पाठीवर झोपून खाली सरकला. टॉर्चच्या उजेडात त्याला तोटी दिसली, आणि तोटीवर गुंडाळलेलं काहीतरी पांढरं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळलेलं.

"हे काय आहे रे?"

"लॉर्नाचा टेनिसचा पट्टा," वरून रेक्स म्हणाला. "मनगटावरचा. धुतलेला आहे, घाबरू नकोस."

रांगेत खसखस पिकली.

"बाटली कुठे आहे?"

"थेंब-दोन थेंबांसाठी बाटली? अरे, पट्टा आहे ना, शोषून घेतो. लॉर्नानं त्यावर अख्खी स्पर्धा काढली आहे."

क्लेम बाहेर सरकला, कपडे झटकत उभा राहिला आणि हात मागे बांधले. "रेक्स, गाडी गळते तुझी."

"गळत नाही. घाम येतो तिला. या उकाड्यात तुला येत नाही का?"

"नियमाला पहिला हात तू वर केला होतास."

"गळणाऱ्या गाड्यांसाठी केला होता! माझ्या गाडीखाली कधी डाग पाहिलायस? विचार कुणालाही."

डाग नव्हता, हे खरं. रेक्स शेडमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकायचा आणि पुठ्ठा कोरडा असायचा. पण शेडमधली उभी गाडी वेगळी आणि हँगरच्या वळणावर रेललेली गाडी वेगळी. शिवाय तो पट्टा तेलानं भिजला तर बरोबर धुराच्या नळीवर लोंबणार होता. क्लेमनं हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज जरा चढला, कारण रांगेतली माणसं कान टवकारून होती, आणि आपण मित्राला सूट देतो की काय हे ती बघत आहेत, असं त्याला वाटत होतं. खरं तर ती माणसं उन्हाला कंटाळली होती, बाकी काही नाही.

"स्टिकर देत नाही," तो शेवटी म्हणाला.

रेक्सचं हसू ओसरलं. पण तो चिडला नाही. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि इकडेतिकडे बघितलं. पत्र्याच्या मागे क्लेमचा पिकअप उभा होता. त्याच्या मागच्या हौद्यात एक जुनी चादर, पाण्याचा डबा, आणि काळ्या जाड नळीचं एक वेटोळं. क्लेमनं स्वतःच्या शर्यतीच्या गाडीला बाटली बसवली तेव्हा उरलेली नळी. दोन क्लिपा तिच्यातच अडकवलेल्या होत्या.

"दुपारच्या फेरीला अजून वेळ आहे," रेक्स म्हणाला. "नळी कुठे मिळेल म्हणतोस?"

ही वेळ होती. क्लेमला पुढे कितीतरी दिवस ही वेळ पुन्हा पुन्हा दिसत राहिली. 'माझ्या पिकअपमधून घे' एवढे तीन शब्द. हात लावायचा नाही, ही रीत गाडीला होती, नळीला नव्हती. रेक्सनं स्वतःच बसवली असती, शिव्या घालत, घाम पुसत, आणि दुपारी मस्टर्ड ट्रॅकवर असती. पण क्लेमच्या डोळ्यांपुढे टीगन होती, रांग होती, आणि टेनिसच्या पट्ट्यावरून पिकलेली ती खसखस होती. चारचौघांत आपल्या नियमाची चेष्टा झाली, हे त्याला झोंबलं होतं. जरा कळू दे याला, असं त्याला वाटलं. हे असं वाटणं इतकं छोटं होतं, की त्याच दिवशी दुपारी त्याला त्याची लाज वाटली असती तर सगळं निभावलं असतं.

"कडीनात मिळेल," तो म्हणाला.

"कडीनातलं दुकान रविवारी बंद असतं. तुला माहीत आहे."

"मग नाही मिळणार."

रेक्सनं त्याच्याकडे बघितलं. मग टोपी घातली. "बरं," एवढंच म्हणाला. सरळ एक शब्द, टोमणा नाही, टवाळी नाही. त्यानं मस्टर्ड ट्रेलरवर चढवली. लॉर्ना कँटीनमध्ये केकचे तुकडे मांडत होती, तिला बोलावून घेतलं, आणि दोघं नेहमीची खिमा भरलेली पास्टीसुद्धा न खाता निघून गेली.

क्लेमनं पास्टी खाल्ली. तिला चव नव्हती.

बुधवारी जाऊन येऊ, असं त्यानं ठरवलं. बुधवारी वाटलं, अजून तापलेला असेल, रविवार जाऊ दे. रविवार गेला. मग वाटलं, चूक त्याची आहे, त्यानं फोन करावा. अशा वेळी माणसाला स्वतःच्या बाजूची कारणं फार झटपट सुचतात. क्लेमनं फोन केला नाही आणि रेक्सनंही केला नाही. दोघांच्या घरांमध्ये एक रस्ता, एक बार्लीचं शेत आणि वाळलेली खारट झुडपं, बाकी काही नाही. संध्याकाळी रेक्सच्या शेडमधला दिवा क्लेमला ओसरीतून दिसायचा.

मार्चच्या अखेरीला एका सकाळी रेक्स अंगणात पाण्याच्या टाकीपाशी कोसळला. रुग्णवाहिका आली तोवर काही उरलं नव्हतं.

अंत्यविधीला क्लेम गेला. शवपेटी उचलायला लॉर्नानं आपले भाचे आणि कोठारावरची दोन माणसं सांगितली होती. क्लेमला सांगितलं नव्हतं. तो मागच्या बाकावर टाय ओढत बसून राहिला. नंतर सभागृहात चहा होता. लॉर्ना स्वतः किटली घेऊन फिरत होती, कारण बसून राहणं तिला जमणारच नव्हतं. क्लेमपाशी आली, कप भरला आणि म्हणाली, "साखर किती?"

तिच्या हातचा चहा तो तिच्या लग्नापासून पीत होता. तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"दोन," तो म्हणाला, आणि त्याला कळलं की काय झालंय.

हिवाळाभर तो आपल्याला समजावत राहिला. क्लबात सगळे म्हणायचे, "क्लेम, तू केलंस ते बरोबरच केलंस. नियम सगळ्यांना सारखा." त्याचा जोडीदार तपासनीस ब्रेंटन तर म्हणाला, "तू पास केला असतास आणि दुसरी टीगन झाली असती, मग?" क्लेम मान डोलवायचा. पिकअपमधल्या नळीबद्दल तो कुणाशीच बोलला नाही. तिथं त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. नळीचं वेटोळं त्यानं हौद्यातून काढलं, शेडमध्ये नेलं, खिळ्याला टांगलं. दोन दिवसांनी ते तिथं बघवेना म्हणून पुन्हा पिकअपमध्ये टाकलं. फेकून देणं काही जमलं नाही. रेक्स गेला याचं दुःख तर होतंच, पण त्याच्याशी भांडून तो गेला असता तर बरं झालं असतं, असं क्लेमला वाटायचं. भांडण झालंच नव्हतं. नुसतं एक 'बरं' होतं.

सप्टेंबरात बार्ली हिरवीगार झाली आणि वसंतातला पहिला रविवार आला. तपासणीची रांग लागली होती, तेवढ्यात फाटकातून एक ट्रेलर आत आला. वर मस्टर्ड. ट्रेलर ओढणारी गाडी चालवत होती लॉर्ना, एकटी, चष्मा नाकावर घसरलेला. तिनं ट्रेलर रांगेत लावला, खाली उतरली आणि सरळ क्लेमसमोर येऊन उभी राहिली.

"तपासा," ती म्हणाली.

"लॉर्ना, चालवणार कोण?"

"तू."

क्लेमनं एकदा मस्टर्डकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"रेक्स म्हणत होता गाडी गळत नाही," लॉर्ना म्हणाली. "तू म्हणालास गळते. मला बघायचंय. तो गेल्यापासून तेलाला कुणी हात लावलेला नाही. त्यानं भरलं तेवढंच आहे. चालव, पण म्हातारीला बाजारात नेतोस तशी नको चालवूस. तो चालवायचा तशी चालव."

"बाटली नसेल तर नियमानं..."

"डिक्कीत बघ आधी," ती म्हणाली आणि तिनं डिक्कीचं झाकण वर केलं.

आपण चालवायची गाडी आपण तपासायची नाही, म्हणून ब्रेंटन पुढे झाला. पण बघायला क्लेमही वाकला, हात मागे बांधूनच. डिक्कीत डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात उंच जागी, लिंबू सरबताची एक पारदर्शक बाटली पट्ट्यानं घट्ट बसवलेली होती. झाकणाला भोक. आत तारेचा चोथा. पत्र्यातून नळी वर येत होती, तिथं पत्र्याची धार नळीला कापू नये म्हणून रबराचं कडं बसवलेलं. कुठे झोळ नाही, कुठे पीळ नाही. क्लेमनं स्वतःच्या गाडीला बसवली होती, तिच्यापेक्षा हे काम चांगलं होतं.

"कधी केलं हे त्यानं?"

"तू परत पाठवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी. दुकान उघडायच्या आधी कडीनाला जाऊन दारात उभा होता."

ब्रेंटननं स्टिकर दिला.

दुपारच्या फेरीत क्लेम मस्टर्डमध्ये बसला. आसन रेक्सच्या अंगाचं होतं, गुडघे जरा जास्तच दुमडत होते. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं जपून काढल्या, मग लॉर्नाचं बोलणं आठवलं आणि पाय खाली दाबला. जपून चालवणं ही फसवणूक झाली असती. हँगरचं वळण आलं. गाडी रेलली, मागचं चाक किंचित बाहेर गेलं आणि आपणहून परत आलं. काय गाडी बांधली होती त्यानं! क्लेमला हसू आलं, रागही आला. हे सांगायला कुणी नव्हतं याचा राग.

निघताना त्याला मनापासून वाटत होतं की बाटलीत तेल यावं. आलं की सुटलो. नियम बरोबर, मी बरोबर, लॉर्ना समोर उभी राहून बघेल, आणि हिवाळाभरचं ओझं उतरेल. पण वळणामागून वळण गेलं तसं त्याला उलटंच वाटायला लागलं. बाटली कोरडी निघू दे. रेक्स खरा ठरू दे, लॉर्नानं मला चार लोकांत झापू दे. तेवढं तरी रेक्सला मिळू दे. असं इच्छून काही होत नाही, हे त्याला माहीत होतं. तेलाला कोण मेलं, कोण उरलं याच्याशी देणंघेणं नसतं. फेरी संपल्याचा चौकटीचा झेंडा दिसला तेव्हा गाडीत तो वास भरला होता, तापलेल्या गिअर ऑइलचा, कुजक्या लसणासारखा.

तो परत आला, इंजिन बंद केलं. लॉर्ना डिक्कीपाशी आधीच उभी होती. तिनंच झाकण उचललं.

बाटलीत दोन बोटं तेल होतं. तपकिरी, वर फेस, तारेचा चोथा चिंब भिजलेला. टेनिसच्या पट्ट्याच्या बापालाही ते झेपलं नसतं.

"म्हणजे तू बरोबर होतास," लॉर्ना म्हणाली.

ब्रेंटननं क्लेमच्या पाठीवर थाप मारली. आणखी कुणीतरी "मग, सांगत होतो ना!" म्हणालं. एवढ्यावर थांबलं असतं तर सगळं छान झालं असतं. लॉर्नाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, ती चष्म्यावरून नुसती त्याच्याकडे बघत होती. क्लेमनं ब्रेंटनला सांगितलं, "जा, रांग बघ," आणि सगळे पांगेपर्यंत थांबला.

"लॉर्ना," तो म्हणाला, "त्या दिवशी माझ्या पिकअपमध्ये नळी होती."

तिनं चष्मा वर सरकवला.

"हातभर. क्लिपांसकट. मागच्या हौद्यात, उघड्यावर. त्यानं विचारलं, कुठे मिळेल. मी म्हणालो, कडीनात. रविवार होता हे मला माहीत होतं. मी..." त्यानं बाटलीकडे बघितलं. "मी बरोबर होतो बिरोबर ते सोड. मी मुद्दाम दिली नाही."

"माहीत आहे मला," लॉर्ना म्हणाली.

क्लेमनं वर बघितलं.

"घरी जातानाच सांगितलं त्यानं. म्हणाला, 'त्याच्या गाडीत नळी पडली होती, मला दिसली. मी मागतो का, हे बघत होता तो. मी कशाला मागू?' मी म्हटलं, तुम्ही दोघंही गाढव आहात. तर हसला. म्हणाला, 'पुढच्या वेळी बाटली दाखवतो त्याला, आणि तोंड बघतो.'" तिनं चष्मा काढून पदरानं पुसावा तसा अंगातल्या स्वेटरच्या टोकानं पुसला. "रोज संध्याकाळी शेडचं तुझ्या बाजूचं दार उघडं ठेवायचा. उकडतं म्हणायचा. एप्रिल यायला आला होता, थंडी तोंडावर, कसलं उकडतंय! हे तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत मी. वाईट वाटावं म्हणून सांगतेय."

"वाटतंय," क्लेम म्हणाला.

"नियमाचा राग नव्हता मला. टीगनला दवाखान्यात डबा मीच न्यायचे, मला कळत नाही का? नळीचा राग होता. अख्खा हिवाळा वाट बघितली, कधी येऊन बोलतोस. नाही आलास. मग म्हटलं गाडीच घेऊन जावी."

"आणि मी आज बोललो नसतो तर?"

"तर गाडी विकून टाकली असती," ती म्हणाली, "आणि तुझ्याशी पुन्हा बोलले नसते. बरोबर असलास तरी."

तिनं ट्रेलरवरच्या टोपलीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि डब्यातली साखर घातली, दोन चमचे, न विचारता. मग ते त्याच्या हातात देऊन म्हणाली, "ती बाटली रिकामी कर. अजून एक फेरी आहे," आणि कँटीनकडे निघून गेली. तिथं केकचे तुकडे मांडायचे होते.

क्लेमनं चहा बंपरवर ठेवला. सवयीनं पाठीमागे गेलेली बोटं सोडवली आणि दोन्ही हात मस्टर्डच्या डिक्कीत घातले. क्लिप रेक्सनं आवळली होती, म्हणजे बैल बांधावा तशी. ती सैल करायला त्याला बराच वेळ लागला, काही तिच्यामुळे आणि काही डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून. बाटली सुटली. त्यानं ती उन्हात वर धरली. फेस बसत चालला होता.

घाम आहे तो, असं रेक्स म्हणाला असता. क्लेमच्या तोंडात उत्तर तयार होतं. तो बाटली तशीच धरून थोडा वेळ उभा राहिला, कुणी तरी ते म्हणेल म्हणून.